लातूरला नेलेली चार चाकं

ईशान, तन्वी,

नांदेड ते लातूर हे अंतर ऐकून तिकडे परदेशात तुमच्याकडची माणसं हसतील. सकाळी चहा घेऊन निघालं की जेवायच्या वेळेला पोचता येतं. एवढ्याशा प्रवासाचं कोणी वर्णन लिहीत नाही. मी लिहिते आहे, आणि शाळेत मुलींना निबंध लिहायला लावायचे तसं अगदी क्रमाने लिहिणार आहे. मधली एक गोष्ट गाळावी असं मला फार वाटतं आहे. क्रमाने लिहिलं की गाळता येत नाही.

नांदेड, निघायच्या आधी

माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मयूरी तुम्ही फोनवर पाहिली आहे. हदगावकडची, घरी कापूस आणि सोयाबीनची शेती, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. तिच्या कॉलेजातल्या सहा जणांनी लातूरच्या एका स्पर्धेसाठी रोबो बनवला. स्पर्धा अशी: मोठ्या हॉलच्या एका टोकाला चेंडू ठेवलेले असतात. रोबोने ते उचलायचे, पट्टीसारखं सरळ दुसऱ्या टोकाला जायचं, टोपल्यांत टाकायचे, परत यायचं. तीन फेऱ्या, तिन्हींच्या गुणांची बेरीज. वरचे आठ संघ पुढच्या टप्प्यात.

यातलं ‘ड्राइव्ह’ मयूरीकडे होतं. म्हणजे चाकं, मोटारी आणि मोटारीचा जोर चाकापर्यंत नेणारं मधलं सगळं. मुलांना आडवीसुद्धा सरकणारी, बारीक रुळांची महागडी चाकं हवी होती. मयूरी अडून बसली. माझ्या जेवणाच्या टेबलावर आलेख-वही पसरून ती त्यांना म्हणाली, “आडवं जायचं मंग बघू. आधी सरळ तर जाऊ द्या!” तिची रचना साधी होती. चार चाकं, प्रत्येकाला स्वतःची मोटार. चारही सारख्या जोराने फिरली की गाडी सरळ जाते, एकानेही कच खाल्ली की वळते. मोटारीपासून चाकात जाते ती लोखंडी दांडी म्हणजे शाफ्ट, आणि चाकाच्या मध्यभागी ती जिथे बसते तो गोल तुकडा म्हणजे हब. आख्खी मदार या दोघांच्या घट्ट बसण्यावर.

ऑनलाइन मागवलेले हब भलत्याच मापाचे आले. दिवस थोडे उरले होते. मयूरीने इतवारा भागाच्या मागच्या गल्लीतले हनीफभाई शोधून काढले. त्यांचं लेथ मशीन आहे. शेतकऱ्यांच्या पंपाचे शाफ्ट आणि रसवंतीचे रूळ कातून देणं हा त्यांचा रोजचा धंदा. मीही हौसेने तिच्याबरोबर गेले. स्टुलावर वर्तमानपत्र घालून मला बसवलं.

“म्याडम, मशीन माझ्या अब्बाच्या वेळचं हाय,” हनीफभाई म्हणाले. “ड्रिलबी जुनं. चार भोकं पाडली तर चारी केसाकेसानं येगळी येणार. म्हणून मी काय करतो, आधी हब करतो, मंग त्याच्या मापाचा शाफ्ट. घासायचा, घालून बघायचा, परत घासायचा. ज्याचा त्यालाच बसतो. दुसऱ्याला लावला तर एक तर शिरत न्हाई, न्हाई तर खुळखुळ वाजतो.”

मग त्यांनी प्रत्येक शाफ्टला आणि त्याच्या हबला एकाच रंगाचा धागा बांधला. लाल, हिरवा, पिवळा, पांढरा. धागे त्यांच्या बायकोच्या शिलाई मशीनचे होते आणि बांधता बांधताच तेलाने काळपट झाले.

हे सगळं माझ्यासमोर झालं. मी मानही हलवत होते. पण माझं लक्ष त्यांच्या हातांवरच्या ग्रीसकडे आणि माझ्या फिक्या साडीकडे होतं. चाळीस वर्षं वर्गात मी एकच बोलत आले, समोरचा बोलतो तेव्हा नीट ऐका. बाहेर पडल्यावर मी मयूरीला म्हणाले, “पुण्याहून मागवलं असतं तर एकसारखं मिळालं असतं.” मुलांच्या कॉलेजातल्या कदम सरांनाही फोनवर तेच सांगितलं. सरांना ते पटलं.

मुलींबरोबर एक बाईमाणूस हवं, असा कॉलेजचा नियम. त्यांच्या मॅडमना ऐनवेळी जमेना. मयूरी म्हणाली, “आजी, तुमीच चला की. तुमाला नियमांचं इंग्रजीबी कळतं.” मी लगेच बॅग भरली.

वाटेत

भाड्याच्या जीपमध्ये आम्ही सहा मुलं, कदम सर आणि मी. रोबो सुटा करून खोक्यांत भरला होता. लोहा गेलं आणि दोन्ही बाजूंनी ज्वारी सुरू झाली, कणसं दुधावर आलेली. मध्येच करडईची पिवळीकेशरी रानं. फोटो काढायला मी करडईत शिरले आणि तिच्या काट्यांनी माझा पदर असा धरला की सोडवायला दोन मुली लागल्या. लांबून मऊ दिसणारं ते पीक किती बोचरं असतं हे मला या वयात कळलं.

अहमदपूरच्या पुढे एका शेतात हुरडा भाजणं चाललं होतं. मुलांनी जीप थांबवायला लावली. गरम हुरडा, लसणाची चटणी, गुळाचा खडा. तुमच्याकडे कोवळं मक्याचं कणीस मिळतं, त्याच्याशी तुलना करू नका. शेतमालक काकांनी खोक्यांकडे बोट दाखवलं.

“काय नेऊ राहिलात?”

“रोबो हाय, काका,” ओंकार म्हणाला. ओंकार म्हणजे हातातल्या रिमोटने रोबो चालवणारा.

“पेरतंय का?”

“न्हाई. चेंडू उचलतंय.”

“मायला, चेंडू उचलाया लेकरं न्हाईत का तुमच्यात?”

ओंकारला पुढे लातूर येईपर्यंत सगळे ‘लेकरू’ म्हणत होते.

लातूर, पहिला दिवस

लातुरात शिरताना शिकवण्यांच्या पाट्याच पाट्या दिसतात. आपल्या नांदेडलाही आता तसंच झालं आहे, पण इथली मुलं पाठीवर दप्तर घेऊन ज्या वेगाने चालतात तो वेग आपल्याकडे नाही. रसवंतीवर उभं राहूनसुद्धा एक मुलगा वही वाचत होता. दुपारी मेसमध्ये निलंगा राईस मिळाला. पिवळाधमक, तिखट, वर शेव आणि कोथिंबीर. आपल्या घरच्या मसालेभाताचा हा वात्रट भाऊ. मी दोनदा घेतला.

जेवून सगळे हॉल बघायला गेले. मी वसतिगृहातल्या खोलीत सामानापाशी थांबले. दोन तास मोकळे होते. समोर उघड्या खोक्यात सगळं तेलकट, कळकट, एकमेकांत गुंतलेलं. मला राहवलं नाही.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. तुमची खेळणी मी रंगांप्रमाणे लावायचे. जुन्या पदराचा तुकडा घेऊन मी एकेक वस्तू पुसली. शाफ्टवरचे आणि हबवरचे ते काळपट धागे कात्रीने कापून काढले. चार शाफ्ट एका पिशवीत, चार हब दुसऱ्या पिशवीत, नटबोल्ट लांबीप्रमाणे तिसरीत. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत चिठ्ठी, माझ्या चांगल्या अक्षरात. धागे कचऱ्याच्या डब्यात टाकले. हात धुतले. फार समाधान वाटलं.

मुलं धावतच आली. फेरीआधीच्या तपासणीची वेळ अलीकडे घेतली होती. मयूरीला कागदपत्रांसाठी पुढे बोलावलं आणि बाकीच्यांनी माझ्या पिशव्या उचलून हॉलमधल्या आमच्या टेबलावर जोडणी सुरू केली. “आजी, काय भारी लावलंय!” ओंकार म्हणाला. चौघांनी चार चाकं घेतली. दोन शाफ्ट आत शिरेनात, ते हातोडीने ठोकून बसवले. एक सैल वाटला, त्याचा स्क्रू जास्त आवळला. मयूरी परत आली तेव्हा चाकं लागलेली होती आणि आमचा नंबर पुकारला जात होता.

पहिल्या फेरीत रोबो निघाला आणि तीन हातांवर डावीकडे वळला. ओंकार रिमोटवर उलटं दाबत होता, तो ऐकेना. पुढचं डावं चाक नुसतं डुगडुगत होतं, मोटार फिरत होती आणि चाक मागे राहत होतं. रोबो कडेच्या लाकडी पट्टीला जाऊन घासला. पंचांनी हात वर केला. शून्य.

मयूरी खाली बसून चाक हलवून बघत होती. “हब खेळायलाय,” ती हळूच म्हणाली. “नांदेडात तर एकबी हलत नव्हता.”

कदम सरांनी तिथेच हनीफभाईंना फोन लावला. स्पीकरवर. आजूबाजूच्या टेबलांवरची मुलं ऐकत होती. “हनीफभाई, काय काम केलंत हो? भर हॉलमध्ये नाक कापलं आमचं!”

पलीकडून लेथचा आवाज येत होता. त्यांचाही फोन स्पीकरवर असावा, कारण मागे कुणी तरी “क्या हुआ, चाचा?” म्हणालेलं ऐकू आलं.

“सर, जोड्या बदलल्या असतील,” हनीफभाई म्हणाले. “धाग्याचा रंग बघून बसवलं ना? लाल तर लाल, हिरवा तर हिरवा?”

मयूरीने चमकून माझ्याकडे पाहिलं. “आजी, सामान तुमच्यापाशी होतं. धागे होते का?”

सहा मुलं, सर, फोन आणि आजूबाजूची टेबलं. मी म्हणाले, “मला नाही दिसले.”

ईशान, तन्वी, याच्यासाठी माझ्यापाशी काही कारण नाही. विसरले नव्हते. गोंधळले नव्हते. कात्रीचा आवाजही आठवत होता.

सर फोनमध्ये म्हणाले, “ऐकलंत? धागे नव्हतेच. काम बिघडलं तर बिघडलं म्हणा, खोटं कशाला बोलता?”

लेथचा आवाज बंद झाला. हनीफभाई म्हणाले, “येतो मी सकाळच्या गाडीनं.”

त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही विचारलंत, रोबो कसा पळाला? मी तुम्हाला सांगितलं, एका लेथवाल्याने निष्काळजीपणा केला. तन्वी, तू म्हणालीस, “बिचारी मुलं!” ते मी तुम्हाला खोटं सांगितलं.

लातूर, दुसरा दिवस

हनीफभाई पहिल्या एसटीने आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात रेक्झिनची पिशवी. त्या दिवशी त्यांच्याकडे एका शेतकऱ्याचा पंप खोलून पडलेला होता, तो तसाच टाकून आले होते. चहाही न घेता त्यांनी चारही चाकं उतरवली, शाफ्ट बाहेर काढले आणि डोळे मिटून एकेका हबमध्ये एकेक शाफ्ट घालून बघायला लागले. आत सरकवायचे, बोटांनी जरा फिरवायचे, मान हलवायचे, काढायचे. दोन जोड्या अशा सापडल्या. राहिलेले दोन्ही हब हातोडीने आतून ओरखडले होते.

“हे कुणी ठोकलं?”

“आमी,” ओंकार म्हणाला.

“लेका, शाफ्ट हाय का म्हशीचा खुंटा?”

मुलं हसली. हनीफभाईंनी एक हब पॉलिश पेपरने आतून घासून सरळ केला. दुसरा फारच सैल झाला होता. त्यासाठी त्यांनी थंड पेयाचा रिकामा डबा मागवला, कात्रीने त्याच्या पत्र्याची बोटभर पट्टी कापली, शाफ्टभोवती गुंडाळली आणि चाक बसवलं. मयूरी एकेक गोष्ट वहीत टिपून घेत होती. “काका, चालंल का हे?”

“आजच्यापुरतं चालंल. नांदेडात नवा करू.”

मग नट शोधताना माझ्या पिशव्या त्यांच्या हाताला लागल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचता येतं. एका पिशवीवर शाफ्ट, दुसरीवर हब. त्यांनी दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या.

“हे अक्षर कुणाचं?”

“आजींचं,” मयूरी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या तोंडावरचा रंग बदलला.

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. “लई सुंदर अक्षर हाय,” ते म्हणाले, आणि पुन्हा नट शोधायला लागले.

आपल्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर खोटं पाडत नाहीत. मयूरीने मान खाली घातली आणि वही मिटली. तिने काही तरी विचारावं, असं मला वाटत होतं. तिने विचारलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

दुसऱ्या फेरीत रोबो सुतासारखा सरळ गेला. तिसऱ्या फेरीत त्याहून जोरात. शेजारच्या संघांनी टाळ्या वाजवल्या. पण बेरजेत पहिल्या फेरीचं शून्य होतंच. आमचा संघ नववा आला. वरचे आठ पुढे गेले. मयूरीने वर्षभर ज्या सरळ जाण्यासाठी भांडण केलं, तिचं यंत्र सरळ गेलं, आणि ती बाहेर.

सगळे जेवायला बसलो. हनीफभाई टेबलाच्या टोकाला बसले होते. कदम सर त्यांना म्हणाले, “आज सांभाळून घेतलंत, ठीक. पण पुढच्या वर्षीचं काम द्यायचं का ते बघावं लागेल. चूक झाली तर कबूल करायची असते.”

“सर, माझं काम बरोबर होतं,” हनीफभाई म्हणाले. “धागे बांधले होते.”

“मग काय आजी खोटं बोलतात?”

आता तरी, असं मनाशी म्हणून मी चमचा खाली ठेवला. तोंडातून शब्द आले ते असे: “सर, तसं नाही. मी सामान आवरलं होतं. त्या गडबडीत धागे सुटले असतील, माझ्या लक्षात आलं नसेल.”

सर लगेच नरम झाले. “अहो आजी, होतं असं. वय झालं की होतंच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मी ते वय घेतलं. हो म्हणाले. मला घरचा जमाखर्च तोंडपाठ आहे, चाळीस वर्षांपूर्वीच्या मुलींचे हजेरी क्रमांक आठवतात, आणि मी मान डोलावून म्हातारी झाले.

जेवण झाल्यावर हनीफभाई हात धुवायच्या नळापाशी होते. मी गेले. “हनीफभाई, धागे मी कापले,” मी म्हणाले. “मला माफ करा.”

ते रुमालाने एकेक बोट पुसत होते. “मला काय सांगायल्यात, म्याडम? धागे मीच बांधले, मला तर ठावंच हाय. कालचा फोन माझ्या दुकानात समद्यांनी ऐकला. वेल्डिंगवाला, चहावाला, पंपवाला शेतकरी, माझी पोरं. कॉलेजच्या सरांनी हनीफला खोटं पाडलं, असं गल्लीभर झालंय. तिथं येऊन सांगता का?”

“येते,” मी म्हणाले.

“बघा बरं,” ते म्हणाले, आणि एसटीच्या वेळेसाठी निघून गेले. जीपमध्ये जागा होती, सर बोलावत होते, पण ते आले नाहीत.

पुन्हा नांदेड

येताना मयूरी माझ्या शेजारी बसली नाही. चाकूरला चहासाठी थांबलो तेव्हा मी सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, धाग्यांचं, वयाचं, सगळं. “बाई, मी त्यांना काय काय बोललो हो,” एवढंच ते म्हणाले. परत जीपमध्ये बसण्याआधी मी मुलांनाही सांगितलं. ओंकारने विचारलं, “म्हंजे आमी आठात असतो?” मी म्हणाले, बहुतेक असता. मयूरी खिडकीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी इतवाऱ्याच्या मागच्या गल्लीत गेले. एकटीच. कदम सर येतो म्हणाले होते, त्यांना मी दुपारी जायला सांगितलं. त्यांचं ते त्यांनी वेगळं सांगावं.

लेथ चालू होतं. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मला पाहून चष्मा वर केला. हनीफभाईंनी मला पाहिलं आणि हातातला तुकडा पुरा केला. मग म्हणाले, “बंद कर रे मशीन. म्याडमला काय तरी सांगायचंय.”

मशीन थांबलं तशी गल्ली एकदम शांत झाली. चहावाला किटली घेऊन दारात उभा राहिला. दोघे शेतकरी बाकावर होते. शाळेत प्रार्थनेनंतर हजार मुलींसमोर बोलायला मला कधी काही वाटलं नाही. तिथे सात-आठ माणसं होती आणि मी पदर दोनदा सारखा केला.

मी सांगितलं. हनीफभाईंचं काम बरोबर होतं. त्यांनी धागे बांधले होते. ते मी कापले, जोड्या मोडल्या, आणि विचारलं तेव्हा दिसलेच नाहीत म्हणाले. मुलं हरली ती माझ्यामुळे.

मग बाकावरच्या एका शेतकऱ्याने अगदी साधेपणाने विचारलं, “पर बाई, कापले कशापायी? यांनी बांधताना तर तुमी हितंच बसल्या होत्या म्हनं.”

गडबडीत, असं मी म्हणणार होते. स्वच्छतेची सवय, असंही तोंडाशी आलं होतं. हनीफभाई माझ्याकडे बघत होते.

“ते सांगत होते तेव्हा मी ऐकलं नाही,” मी म्हणाले. “मला वाटलं, अशा जागी ऐकण्यासारखं काय असणार. आणि तो धागा मला कचरा वाटला.”

“हां,” हनीफभाई म्हणाले. “आता पुरं सांगितलं.”

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हटलं नाही. वळून त्यांनी मशीनचं बटण दाबलं, आणि मी त्या आवाजात थोडा वेळ तशीच उभी राहिले.

तुमची,
आजी